आठ पिना आणि हळदीचं गाणं

१४ सप्टेंबर

आज कल्याणीला पलंगाखालून बाहेर काढलं. काढताना कंबरेत उसण भरली. माझी बायको भुवना दारात उभी राहून बघत होती, हात लावायला आली नाही.

कल्याणी म्हणजे माझं जुनं वर्कस्टेशन. कॉलेजच्या संगणक विभागात होतो तेव्हा आम्ही सगळ्या मशीनना रागांची नावं दिली होती. तोडी आणि मोहनम् भंगारात गेली. ही एकटी मी निवृत्त होताना मागून घरी आणली. तिच्या कपाळावर अजून तमिळमध्ये लिहिलेल्या नावाची चिठ्ठी आहे.

ही वही घरात कुठेही उघडी टाकता येते, हे एक बरं आहे. पुण्यात चार वर्षं नोकरी केली तेव्हा माझी देवनागरी पक्की झाली. घरातल्या बाकीच्या मराठी बोलतात फडाफडा, पण वाचायचं म्हटलं की तमिळच. तेव्हा इथे मनातलं लिहायला हरकत नाही.

तर मनातलं असं. आमच्या मुलीचं, गायत्रीचं, लग्न नोव्हेंबरच्या शेवटी आहे. आमच्या तंजावूरच्या मराठी लोकांत हळद लावताना नवरीची आई आणि मावशी मिळून एक गाणं म्हणतात. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे अम्मांच्या, सासरचं गाणं आहे ते. ते झाल्याशिवाय नवरीला न्हाऊ घालत नाहीत. मावशी म्हणजे भुवनाची धाकटी बहीण धनलक्ष्मी, आमची धनम, पापनाशमला असते. दोन वर्षांपूर्वी एका चुलतबहिणीच्या मुलीच्या लग्नात दोघींनी एकदम तोंड उघडलं आणि दोन वेगळ्या चाली बाहेर पडल्या. थांबायला कोणीच तयार नाही. कुणीतरी ते मोबाइलवर घेऊन साऱ्या नात्यात फिरवलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद आहे.

धनमने निरोप पाठवलाय, "अम्माची खरी चाल माझी म्हणून भुवना कबूल करो, मग येतें." भुवना म्हणाली, "न आली तरी सरी." सरी म्हणजे ठीक. असं म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि कांदा नसताना डोळे पुसत बसली. गायत्रीने मला स्पष्टच सांगितलं, मावशी नसेल तर मी हळदीला बसणार नाही.

सासूबाई आमच्याकडेच असतात. वय चौऱ्याऐंशी. त्यांना विचारलं तर म्हणतात, "मज आठवत नाहीं." बिचाऱ्यांचं वय झालं. तशा कुणाच्या लग्नात कुणी कुठल्या काठाची साडी नेसली होती ते सगळं सांगतात, पण चाल तेवढी आठवत नाही.

पण पुरावा आहे! १९९४ साली अम्मा कॉलेजात मशीन बघायला आल्या होत्या. कल्याणीला मायक्रोफोन होता, तेव्हा त्याचं फार अप्रूप. मी म्हटलं, हळदीचं गाणं म्हणा. त्यांना खुर्चीवर बसवलं, रेकॉर्डिंग चालू केलं आणि नेमका स्टॅबिलायझर जळाल्याचा वास आला. मी धावलो. परत आलो तोवर गाणं संपलं होतं. फाइल डिस्कवर राहिली. मी ती कधी ऐकली नाही, कारण मला गाण्यातलं काही कळत नाही. पण कळणाऱ्यांना ऐकवता तर येईल.

१६ सप्टेंबर

कल्याणीच्या पोटातला छोटा स्पीकर मुंग्यांनी खाल्लाय. आत वारूळच म्हणायचं. आतली बॅटरीही मेली आहे, त्यामुळे तिला आपलं नाव, तारीख, काहीच आठवत नाही. मॉनिटर नाही. लॅपटॉपला केबल लावून तिच्याशी बोलावं लागतं. पण चालू झाली! डिस्क फिरल्याचा आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

गायत्री म्हणाली, "अप्पा, डिस्क काढून फाइल माझ्या लॅपटॉपवर घ्या की. आवाज तिच्यातूनच कशास?"

मी तिला समजावलं, की ती डिस्क पन्नास पिनांची, तसलं काही आजच्या लॅपटॉपला लागत नाही, मागवावं लागेल. खरं कारण असं की मला ते पटत नाही. जिने गाणं ऐकलं तिनेच ते म्हणावं.

संध्याकाळी राजगोपाल आला. तीस वर्षं माझ्याच विभागात होता आणि तीस वर्षं मी जे जे करीन ते होणार नाही असं सांगत आला. मिशी मोठी, बुद्धी बेताची. कल्याणीकडे बघून म्हणाला, "मुरली, यांतून अम्मांचा आवाज येणार नाहीं. आला तर ही मिशी काढतों."

अम्मा तिथेच होत्या. लगेच म्हणाल्या, "राजगोपाल शहाणा आहे." त्या वयात माणसाची पारख राहत नाही.

२० सप्टेंबर

अडचण पाठीमागे आहे. कल्याणीच्या पाठीवर आवाजासाठी आठ पिनांचं एक गोल भोक आहे. आजच्या स्पीकरची साधी पिन त्याच्यात जाणारच नाही. पूर्वी मध्ये लावायची वायरची एक शेपटी मिळायची, ती हरवली. आज जुन्या बसस्टँडजवळच्या दुकानात तासभर उकिरडा उपसल्यासारखा खोका उपसला आणि एका मेलेल्या कीबोर्डचं आठ पिनांचं टोक मिळवलं. घरी सोल्डरिंग केलं. डाव्या हाताचं बोट भाजलं. शेपटी झक्क झाली.

अम्मा शेजारी बसून शेवग्याचा पाला निवडत होत्या. त्यांना सगळं समजावून सांगितलं. कधी नव्हे ते इतकं मन लावून ऐकलं त्यांनी.

"हें एवढेंसें नसलें तर?" त्यांनी विचारलं.

"तर काहीच नाही, अम्मा. सगळा जीव याच्यातच."

"अय्यो," म्हणाल्या. सासूचा इतका जीव जावयावर मी दुसरीकडे पाहिला नाही.

२३ सप्टेंबर

शेपटी गायब.

टेबलावर ठेवली होती. घरभर शोधली. नवरात्राच्या कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या, पायऱ्या मांडल्यात, त्यांच्या खालीही पाहिलं. शेवटी भुवनाला सापडली, वरून तिसऱ्या पायरीवर, मातीच्या हत्तीच्या गळ्यात दोन वेटोळे घालून माळेसारखी. एक पिन वाकडी.

उंदीर. तंजावूरचे उंदीर भातावर वाढलेले, त्यांना काहीही शक्य आहे. अम्मांना तसं म्हटलं तर म्हणाल्या, "हो, थोर उंदीर असेल." सापळा आणला.

१ ऑक्टोबर

सरस्वतीपूजा. आज पुस्तकं आणि हत्यारं पूजेला बसवायची, त्यांना हात लावायचा नाही. दरवर्षी माझा एक स्क्रूड्रायव्हर ठेवतात आणि भागतं. या वर्षी सकाळी आंघोळ करून आलो तर कल्याणी पाटावर. तिच्यावर सोल्डरिंग आयर्न, वायरकटर, पक्कड, वाकडी पिन सरळ केलेली शेपटी, माझा चष्मासुद्धा. सगळ्यांना चंदन आणि कुंकू. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने ती पेटी पाटावर चढवली कशी? गायत्रीने उचलून दिली म्हणे, आज्जीने सांगितलं म्हणून.

चष्मा तरी द्या म्हटलं, तर अम्मा म्हणाल्या, "पूजेंतलें उचलत नाहींत. उद्यां."

दिवसभर पेपर लांब धरून बसलो.

२ ऑक्टोबर

विजयादशमी. पूजा उतरली. शेपटीच्या आठही पिनांमध्ये चंदन वाळून घट्ट बसलंय आणि कल्याणीच्या पाठीवरच्या भोकात, नेमक्या त्याच भोकात, बोटभर. बाकी भोकं स्वच्छ. देवभोळ्या माणसाला पेटीचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली ते काय कळणार, जिथे जागा दिसली तिथे लावलं.

सुई घेऊन बसलो तर म्हणाल्या, "आज नवें शिकायचा दिवस. जुनें उकरूं नये."

मोठ्यांचं मन मोडवत नाही. उद्या उकरीन.

१२ ऑक्टोबर

सगळं साफ झालं. स्पीकर लावला. फाइल चालवली. मशीन म्हणतं, वाजवतेय. स्पीकर म्हणतो, मला काही माहीत नाही. तीन दिवस झाले.

आज राजगोपाल आला, माझा कागद उलटा धरून बघितला आणि खो-खो हसत सुटला. मी पिना उलट्या बाजूने मोजल्या होत्या. आवाज बाहेर पडायच्या पिनांऐवजी मायक्रोफोनच्या पिनांना स्पीकर जोडला होता. म्हणजे तीन दिवस ती बिचारी स्पीकरमधून आमचंच बोलणं ऐकत बसली होती.

जाताना मिशीला पीळ देत गेला. अम्मांनी त्याला दोन वेळा सांबार-भात वाढला. मला एकदाच.

धनमचा पुन्हा निरोप. "मशीन सांगेल तें मज मान्य. मशीन न सांगेल तर मी येत नाहीं." भुवना म्हणाली, "मजही मान्य." दोघींचं दोन वर्षांत पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं, तेही माझ्यामुळे. आता माघार नाही.

२१ ऑक्टोबर

काल दिवाळी. पोट बिघडलं. काम नाही.

२ नोव्हेंबर

बोलली! कल्याणी बोलली!

नवी शेपटी केली, पिना दोनदा मोजल्या, गायत्रीकडूनही मोजून घेतल्या. चाचणीसाठी तिच्यात पहिल्यापासून एक कोंबड्याचा आवाज आहे, तो लावला. भर दुपारी आमच्या घरात असा काही कोंबडा आरवला की समोरच्या घरातला म्हातारा बाहेर आला. भुवना हातातली पळी घेऊन धावत आली. मी नाचलो. कंबर विसरून नाचलो.

अम्मा भिंतीला टेकून मटकन खालीच बसल्या. चेहरा पांढराफटक. मी लगेच प्रेशर मोजायची पट्टी आणली. "अम्मा, आनंद एकदम सोसत नाही," म्हटलं.

"कोंबडा आला म्हणजे मीही येणार कां?" त्यांनी विचारलं.

"येणारच! घाबरू नका. खणखणीत याल."

घरच्या सगळ्यांना समोर बसवून जाहीर केलं, की पुढल्या रविवारी धनमला बोलवायचं, राजगोपालला बोलवायचं, सगळ्यांसमोर लावायचं. त्याने येताना न्हाव्याकडून वेळ घेऊन यावी असं कळवलं.

७ नोव्हेंबर

चार दिवसांत अम्मांना गुडघे दाखवायला नेलं, डोळे दाखवायला नेलं, आणि आज कान दाखवायला नेलं. कान तर तरण्यासारखे आहेत म्हणाला डॉक्टर. एवढी तब्येत ठणठणीत आणि तरी रोज नवीन दुखतं. रविवारी सकाळी पापनाशमच्या देवळात ने म्हणत होत्या. धनमच इकडे येतेय म्हटल्यावर तो बेत सोडला. जेवल्या नाहीत नीट. वाईट वाटतं. रविवारी गाणं ऐकून बऱ्या होतील.

९ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

सकाळी पहिलंच, स्पीकर नाही. अम्मांनी तो मागच्या गल्लीतल्या बारशाला देऊन टाकला होता. "त्यांनी मागितला, नाहीं कसें म्हणूं?" बारशाला स्पीकर कशास लागतो? शेवटी गायत्रीने आपला हेडफोन दिला. ठरलं की आधी मी ऐकून आवाज नीट आहे की नाही बघायचं, मग आळीपाळीने सगळ्यांनी.

धनम साडेदहाच्या बसने आली. भुवनाकडे न बघता म्हणाली, "काप्पी नको." भुवनाने तिच्याकडे न बघता काप्पी आणून ठेवली. तिने ती प्याली. दोघी खोलीच्या दोन टोकांना, मधल्या खुर्चीत राजगोपाल आणि त्याची मिशी. अम्मा खाली बसून पाला निवडत होत्या. गायत्री माझ्या खुर्चीमागे, माझ्या कानाशी वाकून उभी.

मी हेडफोन घातला आणि फाइल लावली.

आधी स्टॅबिलायझरकडे धावणारी माझी पावलं. मग शांतता. मग अम्मांचा आवाज, तीस वर्षांपूर्वीचा, टणटणीत.

"हें चालू आहे कां? सरी. कल्याणी, तुझें नांव त्यांनी चिकटवलेलें आहे म्हणून कळलें. तूं परक्याची मुलगी, तुज सांगितलें तर चालतें. मज हें गाणें येत नाहीं गे. शब्द येतात. सासूबाईंनी चाल एकदांच म्हणून दाखवली आणि त्या गेल्या. मी विचारूं कोणास? भुवनास शिकवलें तेव्हां जी सुचली ती शिकवली. धनमास शिकवलें तेव्हां तीही विसरलें होतें, दुसरी सुचली. आतां दोघी आपली खरी म्हणतात. एक दिवस भांडणार त्या. तेव्हां मी काय सांगूं? आई खोटी म्हणून सांगूं? … बघूं, आज काय येतें तें."

आणि मग गाणं.

गाणं संपेपर्यंत मी हेडफोन काढला नाही. समोर बघितलं तर अम्मा पाला हातात धरून बसल्या होत्या, निवडत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. उंदीर, चंदन, गुडघे, कान, बारसं, सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं. इतका वेळ हा अभियंता काय करत होता, देव जाणे.

"काय म्हणते अम्मा? कोणाची चाल?" भुवना म्हणाली. धनमही पुढे सरकली.

मी राजगोपालकडे बघितलं. ती मिशी. तीस वर्षं वाट बघितली होती मी या दिवसाची. मला एवढंच म्हणायचं होतं, या, ऐका, आणि मग कात्री आणा. जीव तुटतो म्हणतात तो असा.

"खरखर," मी म्हणालो. "डिस्क गेलेली आहे. काही राहिलं नाही तिच्यात."

राजगोपालने मिशीवरून हात फिरवला. म्हणाला, "मी सांगितलें होतें, मुरली." मी मान हलवली.

भुवना आणि धनम एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि एवढ्यात अम्मा पाला बाजूला ठेवून उठल्या.

"मज आतां आठवलें," त्या म्हणाल्या. "दोन्ही चाली खऱ्या. एक कडवें थोरलीनें म्हणायचें, एक धाकटीनें, आपापल्या चालीनें. सासूबाईंच्या घरीं तसेंच होतें. एकटीनें म्हणायचें गाणेंच नव्हे तें."

काय ते ठाम खोटं!

भुवना म्हणाली, "मग आतांपर्यंत सांगितलें कां नाहीं, अम्मा?"

"कोणी विचारलें? दोघी आपापलेंच म्हणत होतां."

धनम रडली. मग भुवना रडली. मग धनमने काप्पीचा टंबलर पुढे केला, आणखी हवी म्हणून. गायत्रीनेही मला काप्पी आणून दिली, साखर घालून. गेली सहा वर्षं मला साखर बंद आहे. का दिली कोण जाणे.

२९ नोव्हेंबर

लग्न पार पडलं. पाय सुजलेत.

हळदीला भुवनाने पहिलं कडवं म्हटलं, धनमने दुसरं. तिसऱ्याला दोघींनी एकदम सुरुवात केली, दोन चालींत, आणि कुणी थांबलं नाही. फरक इतकाच, की या वेळी दोघी हसत होत्या. गायत्री हळदीने माखून मधोमध बसली होती आणि हसू आवरत नसल्याने तिच्या कानात हळद गेली. मला सगळं छानच वाटलं, पण मला सगळंच छान वाटतं. नवऱ्याकडचे एक मृदंगम् वाजवणारे गृहस्थ होते, त्यांनी अम्मांना विचारलं, ही कुठली पद्धत? अम्मा म्हणाल्या, फार जुनी.

राजगोपाल मिशीसकट जेवला. तीन वेळा पायसम घेतलं.

३ डिसेंबर

घर रिकामं झालंय. भुवना धनमकडे गेलीय, दोन दिवसांसाठी म्हणून, आज चौथा.

दुपारी मी कल्याणीवर कापड घालत होतो. अम्मा येऊन पलंगाच्या कडेला बसल्या. बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या.

"मापिळ्ळै," म्हणाल्या. जावई म्हणून हाक मारतात तेव्हा काहीतरी मोठं काम असतं. "त्या खरखरींत... माझा आवाज कसा होता?"

मी म्हटलं, "गोड होता, अम्मा."

"खरें?"

मी कापड काढलं. कल्याणी चालू केली. त्यांच्या अंबाड्यावरून हेडफोन नीट बसेना, तेव्हा कानांवर हातानेच धरून ठेवला. बोलणं आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, थोड्या लाजल्या. मग गाणं सुरू झालं असावं, कारण त्यांचे डोळे उघडले. मान डोलायला लागली. शेवटी शेवटी तर बोटंही मांडीवर ताल धरत होती.

संपल्यावर त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ही भुवनाची नव्हे," त्या म्हणाल्या. "धनमाचीही नव्हे."

"मग?"

"ही त्या दोघींच्याहून छान आहे!" त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मीही हसायला लागलो, काही कळलं नसताना. मग ती चाल त्यांनी म्हणून बघितली. पहिली ओळ जमली, दुसरीला भलतीकडेच गेल्या. पुन्हा म्हणून बघितली, पुन्हा गेल्या. कपाळावर हात मारला आणि हेडफोन परत कानांवर ओढून धरला.

"परत लाव," म्हणाल्या.

मी परत लावली.